रिकाम्या टाकीतला आवाज

आमच्या घरात सगळ्यांत बारीक मी होते, म्हणून टाकीत उतरायचं काम माझ्याकडे होतं. लातूरला आमच्या गल्लीत बहुतेक घरांची हीच रीत. गच्चीवरची काळी टाकी धुवायची झाली की झाकणाच्या भोकातून जे माणूस आत जाईल ते आत जायचं आणि बाकीचे बाहेर उभे राहून सूचना करायचे. पप्पा कठड्याला टेकून म्हणायचे, "कोपरे घास नीट." टाकी गोल होती. तिला कोपरे नव्हते. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी नळ आधी आठवड्याने, मग पंधरवड्याने यायला लागला आणि शेवटी यायचाच थांबला. टाकीच्या तळाला बोटभर गाळ उरला. पाणी येईल तेव्हा टाकी तयार पाहिजे, म्हणून पप्पांनी मला आत उतरवलं. गाळ मी कोरडाच खरवडून काढला, तळ फडक्याने पुसला. उठताना डोकं वर आपटलं आणि तोंडातून "आऽ" निघालं. तो आवाज माझा वाटलाच नाही. टाकीने तो सगळ्या बाजूंनी धरला, जाड केला आणि मला परत दिला. मी तशीच खाली बसले आणि हळूच पुन्हा म्हटलं, "आ."

"लागलं का?" बाहेरून पप्पा.

"नाही."

लागलं होतं. पण मला तेव्हा कुणी आत डोकवायला नको होतं.

पुढे कित्येक महिने ती टाकी कोरडीच राहिली. टँकरचं पाणी खाली अंगणातल्या निळ्या ड्रमांत जायचं. मोटार लावून वर चढवावं इतकं ते कधी नसायचंच.

मी तेव्हा अकरावीत होते. माझी शाळा पहिलीपासून इंग्लिश मीडियमची होती. तिथे माझं मराठी वळणाचं इंग्रजी उघडं पडायचं आणि गल्लीत माझं इंग्रजी वळणाचं मराठी, म्हणून मी दोन्हीकडे कमी बोलायची. हजेरीला मी "प्रेझेंट" म्हटलेलं मॅडमना ऐकू जायचं नाही आणि मी वर्गात बसलेली असून गैरहजर लागायची. नवीन कुणी नाव विचारलं की मी नाव सांगून थांबायची. आडनाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न कोणता येतो हे मला सहावीपासून माहीत होतं.

अशा मुलीला ओरडण्याचं गाणं का आवडावं, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. ट्यूशनला शेजारी बसणाऱ्या मुलीने एकदा इअरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं. गिटारींचा गदारोळ होता आणि त्यावर कुणीतरी गुरगुरत, खरडत, मध्येच किंचाळत गात होतं.

"कोण आहे हा?"

"हा नाही, ही. बाई आहे ती."

मी इअरफोन काढला नाही. तास सुरू झाला तरी केसांखाली तसाच ठेवला. एका बाईच्या गळ्यातून असा आवाज निघू शकतो आणि तिला कुणी गप्प बस म्हणत नाही, उलट समोर माणसं उभी राहून ऐकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी मी उशीत तोंड खुपसून ते करून पाहिलं. दोन मिनिटांत घसा सोलल्यासारखा झाला, तोंडात लोखंडाची चव आली. तीन दिवस आवाज बसला. मम्मीने हळदीचं दूध दिलं आणि टँकरच्या पाण्याला शिव्या दिल्या. बरं वाटल्यावर मी पुन्हा उशी घेतली. मोबाइलवर शिकवणारे लोक सापडले. खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात, खरखर त्या घड्यांनी करायची आणि खालच्या तंतूंना फार दाबायचं नाही, असं ते सांगायचे. एक जण दर व्हिडिओत म्हणायचा की भरपूर पाणी प्या. त्याच्या मागे टेबलावर काचेचा भरलेला जग असायचा. माझं लक्ष गाण्यापेक्षा त्या जगाकडेच जास्त जायचं.

मग टाकी आठवली. पहाटे उजाडताना मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गच्चीवर जायची, झाकण उघडून आत उतरायची. ऊन टाकीला लागेपर्यंत अर्धा तास मिळायचा. नंतर आत बसणं म्हणजे कुकरमध्ये बसणं. टाकीचा गुण असा की कितीही हळू सूर काढला तरी तो मोठा होऊन परत यायचा. उशी आवाज खाऊन टाकायची, म्हणून मी आणखी जोर करायची. टाकीत जोर करावाच लागत नव्हता. तरी घसा दुखायचा, कारण मला चूक आणि बरोबर यांतला फरक कळत नव्हता. मी दुकानातून खोकल्याच्या पुदिन्याच्या गोळ्या आणून ठेवल्या. एक तोंडात ठेवली की घसा गार पडायचा आणि आणखी दहा मिनिटं ओरडता यायचं. मला वाटायचं, मी प्रगती करते आहे.

आत्या आमच्याकडे आली ती त्याच उन्हाळ्यात. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. मुखेड तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी ती एकटी राहायची. तिला कमी ऐकू यायला लागलं होतं, म्हणून पप्पांनी कानाच्या डॉक्टरला दाखवायला तिला लातूरला आणलं. गावातला बोअर आटला होता, तेव्हा पावसाळ्यापर्यंत राहा म्हणाले. "तुमच्या हितं तरी कुठं गंगा वाहून राहिली," असं म्हणत ती राहिली.

तरुणपणी आत्या गायची. पेटी, ढोलकी, मागे कोरसला चार जण आणि पुढे आत्या, अशी त्यांची पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत निळ्या झेंड्यांखाली, कधी विहारापुढे, कधी नुसत्या चावडीसमोर त्यांचे कार्यक्रम व्हायचे. समोर दुसऱ्या गावची पार्टी असायची आणि दोघांत सवालजवाबाचा सामना लागायचा. हे सगळं मी ऐकलेलं. मी जन्मायच्या आधीच तिचा गळा गेला होता. मला माहीत असलेल्या तिच्या आवाजात वर नुसता वारा होता आणि खाली खडे. शाळेत कुणी कधी विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी मी माझी आत्या गायची हे सांगितलं नसतं. काय गायची हे पुढे सांगावं लागलं असतं.

तिने मला पकडलं ते कानाने नाही. एका सकाळी मिरच्या वाळत घालायला ती लवकर वर आली. आधाराला म्हणून टाकीवर हात ठेवला आणि तिला टाकी थरथरताना जाणवली. मी आत डोळे मिटून माझ्याच नादात होते. वरच्या भोकातून उजेड गेला म्हणून पाहिलं तर आत्याचं तोंड.

"अगं माय! मला वाटलं आत भुंग्याचं पोळं हाय."

मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"काय करून राहिलीस गं आत?"

"काही नाही. साफ करतेय."

"तोंडानं?"

मी रडायला लागले. आत्या हसत होती, पण मी रडायला लागल्यावर तिने हसणं थांबवलं आणि हात आत घातला. "ये वर. तोंडात काय हाय तुझ्या?" मी गोळी जिभेवर दाखवली. तिने तळहात पुढे केला. मी गोळी त्यावर थुंकली आणि तिने ती कठड्यावरून खाली टाकून दिली.

"ह्यानंच गेला माझा," ती म्हणाली.

मग मिरच्या पसरत पसरत तिने मला सांगितलं. एका वर्षी ओळीने सात गावांचे कार्यक्रम होते. तिसऱ्या गावात घसा धरला. पेटीवाला म्हणाला, लवंग धर दाढेला, कात लाव. लवंगेने घसा बधिर व्हायचा, दुखायचं नाही, आणि ती गात राहायची. सातव्या गावात पहिल्याच ओळीला आवाज फाटला. घरी जाऊन महिनाभर गप्प बसली असती तर कदाचित आला असता परत. पण पुढल्या गावचा सामना ठरलेला होता आणि समोरच्या पार्टीची बाई लोकांत म्हणत फिरत होती की ही भ्याली.

"दुखतंय ते घसा तुला सांगून राहिला, की बाई बास. आन तू त्याच्याच तोंडात बोळा कोंबलीस. मग त्यानं तरी कुणाला सांगावं?"

तिने मला ओरडू नको असं म्हटलं नाही. याचं मला तेव्हाही आश्चर्य वाटलं. हे असलं गाणं कुठलं, पोरीच्या जातीने असं करावं का, काही नाही. तिने फक्त विचारलं, "रोज किती येळ करतीस?" आणि मी अर्धा तास म्हटल्यावर डोक्याला हात लावला. "म्हशीलाबी एवढं पिळत न्हाईत."

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याबरोबर वर यायची. ओढणी तिने माझ्या कमरेला, बेंबीच्या वर, घट्ट गुंडाळून गाठ मारली. पार्टीतल्या बायका पदर असाच आवळून उभ्या राहायच्या म्हणे. श्वास घेतला की पोटाने गाठ ताणायची आणि गाताना ती सैल पडू द्यायची नाही. गाठ सैल पडली की समजायचं, आता सगळा भार गळ्यावर आला. मोबाइलवरचा माणूस याच गोष्टीसाठी शरीराची रंगीत चित्रं दाखवायचा. मला ती कधी कळली नव्हती. ओढणी दोन दिवसांत कळली.

मी आत उतरायची, ती बाहेर टाकीला तळहात लावून उभी राहायची. हातानेच ऐकायची. मध्येच टाकीवर टिचकी मारायची. टिचकी म्हणजे थांब. "आत्ता दात आवळलीस," ती भोकातून म्हणायची, आणि मी खरंच आवळलेले असायचे. बाहेर आल्यावर गळा तपासायची. शिरा टरारलेल्या दिसल्या की त्या दिवशीचं गाणं बंद, मग मी पाचच मिनिटं केलेलं असो. खाकरायचं नाही, हा तिचा आणखी एक कायदा. खवखवलं तर आवंढा गिळायचा. आणि कुजबुजायचं तर मुळीच नाही, कुजबुजण्याने बसलेला गळा आणखी बसतो. बोलायचं तर नीट बोल, न्हाई तर गप बस. मी आयुष्यभर कुजबुजत आले होते.

पाण्याचं तिचं म्हणणं असं, की गाणारणीने पाणी आदल्या दिवशी प्यायचं असतं. आत्ता ढोसलं तर पोटात जातं, गळ्याला उद्या लागतं. घरात प्यायच्या पाण्याचा एकच माठ होता आणि मम्मी सगळ्यांचे तांबे नजरेने मोजायची. आत्या संध्याकाळी तिचा अर्धा तांब्या माझ्या बाटलीत ओतायची. "म्हातारीला कशाला लागतं," म्हणायची. मी नको म्हटलं नाही. प्याले. आज ही गोष्ट लिहितानाही मला ते बरं वाटत नाही.

महिनाभरात घसा दुखायचा थांबला. खरखर वेगळ्या जागेवरून यायला लागली, गुदगुल्या होतात तिथून. आवाज भयंकर यायचा आणि मला काहीच लागायचं नाही. गाऊन बाहेर आल्यावर मी पाणी मागताना माझा नेहमीचा आवाज जिथल्या तिथे असायचा. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी टाकीत एकटीच हसत बसले. आत्याने बाहेरून विचारलं, "हे बी गाणंच हाय का?"

कानाच्या डॉक्टरकडे आत्याबरोबर मी गेले होते. त्याने तिच्या कानांना हेडफोन लावून बारीक आवाज ऐकवले आणि ऐकू आला की हात वर करायला सांगितलं. ती पुष्कळ वेळ हात मांडीवर ठेवून बसून होती. कर्ण्याशेजारी उभं राहून गायलेल्या वर्षांनी हे झालं असावं, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं हळूहळू जाईल, असं डॉक्टर मला म्हणाला. मला इंग्रजी येतं म्हणून इंग्रजीत म्हणाला. रिक्षात आत्याने विचारलं, "काय म्हणला त्यो?" मी तिला सगळं सांगितलं. तिला खोटं सांगितलेलं कळायचं.

तिने पदर कानांमागे खोचला. मग म्हणाली, "मग तू भाईर येऊन गा की एकदा. हाताला कळतंय मला, पण कानानं बी ऐकू दे. हायत तवर."

"गाईन ना."

"कवा?"

"गाईन."

एवढंच तिने माझ्याकडे मागितलं. गच्चीवर, टाकीबाहेर, उघड्यावर एकदा. पण आमच्या गच्चीला लागून दुसरी गच्ची होती, तिच्यापलीकडे तिसरी. सकाळी सगळीकडे बायका, ड्रम, बादल्या. मी टाकीबाहेर उभी राहायची, तोंड उघडायची आणि परत आत जायची. आत्या म्हणायची, "बरं, उद्या." तिने एकदाही चिडवलं नाही. चिडवलं असतं तर कदाचित मी गायले असते.

त्या सुमारास नव्या जिल्ह्याची बोलणी जोरात होती. उदगीर वेगळा जिल्हा होणार, आमचं गावही त्यात जाणार, असं रोज कुणीतरी म्हणायचं. पप्पा महसूल खात्यात कारकून होते. जिल्हा झाला तर गावाजवळ बदली मागायची, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. त्या मागणीसाठी उदगीरला मंडप घालून धरणं चाललं होतं, पण सरकारी नोकर असल्यामुळे पप्पांना तिथे जाता येत नव्हतं. आत्याला मात्र निरोप आला. तिच्या पार्टीतला जुना ढोलकीवाला मंडपात होता आणि त्याला तिच्याकडून मागणीचं एक गाणं हवं होतं.

"अक्का, तुझा आवाज कुठाय आता?" पप्पा म्हणाले.

"गळा गेलाय, तोंड न्हाई गेलं. आन जिल्हा आला की पाणी येतंय का ते तरी इचारून येते."

रविवारी मी तिच्याबरोबर एसटीने उदगीरला गेले. मंडपात पन्नासेक माणसं होती, ऊन वरून गळत होतं. ढोलकीवाला म्हातारा झाला होता. आत्याला बघून त्याने ढोलकी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. मला ती बसमध्ये सांगत आली होती की त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांत माइक नसायचा. तेव्हा आवाज डोळ्यांनी मोजायचे. सगळ्यांत लांबचं माणूस हेरायचं आणि ते मान वळवतं का बघायचं. मान वळली की तिथवर पोचला.

तिने पहिली ओळ उचलली. सूर बरोबर जागी होता, मला ते अगदी स्पष्ट कळलं. फक्त त्यात आवाज नव्हता. दुसऱ्या ओळीच्या वरच्या टोकाला नुसती हवा निघाली. मागे कुणीतरी म्हणालं, "माइक वाढवा की." माइक वाढवला तर हवाच वाढली. ढोलकीवाला ठेका धरून राहिला, त्याच चार मात्रा पुन्हा पुन्हा, आणि आत्याने वळून माझ्याकडे बघितलं.

ओळ मला पाठ होती. बसमध्ये तिने मला तीनदा म्हणून दाखवली होती. आता वाटतं, ती मुद्दामच म्हणून दाखवत होती. ओढणी गळ्यात होती, कमरेला बांधायला एक क्षण लागला असता. माझ्या गळ्यात तेव्हा त्या मंडपातल्या कुणाहीपेक्षा जास्त आवाज होता. आणि मी मोबाइल काढून त्यात बघायला लागले. स्क्रीन उन्हाने काळी दिसत होती. तिच्यात मला काही दिसत नव्हतं.

कोरसच्या जुन्या माणसांपैकी एकाने ओळ उचलली आणि कार्यक्रम पुढे गेला. परतताना आत्या खिडकीशी बसली. लातूर आल्यावर म्हणाली, "चल, माठात पाणी हाय का बगू."

त्यानंतरही ती टाकीला हात लावून उभी राहायची. बाहेर येऊन गा असं मात्र तिने पुन्हा म्हटलं नाही.

मग रेल्वेने पाणी आलं, त्याचं कौतुक सगळ्यांनी केलं, आणि पुढे पाऊसही झाला. धरणात पाणी आलं, नळ सुटणार असं कळलं. गल्लीत लोक एकमेकांना सांगत होते, मम्मी माठ घासत होती. मी वर जाऊन टाकीत बसले. मला नळ यायला नको होता. सगळं गाव ज्या पाण्यासाठी महिनोन् महिने रांगेत उभं होतं ते आणखी थोडे दिवस येऊ नये, असं मनात आणणारी मी एकटीच असेन. हे मी कुणाला सांगितलं नाही. आत्याला सांगितलं असतं, पण ती गावी गेली होती. पाऊस झाल्यावर दुसऱ्याच दिवशी पेरणीचं बघायला हवं म्हणून पप्पांनी तिला बसमध्ये बसवून दिलं. मी तेव्हा ट्यूशनला होते.

"धुऊन घे टाकी," पप्पा म्हणाले. "कोपरे घास."

मी घासली. संध्याकाळी पाईपमधून आधी हवा आली, मग लाल पाणी, मग पाणी. टाकी भरताना मी तिला हात लावून उभी होते. ती थरथरत होती.

नांदेडला इंजिनिअरिंगला आले तेव्हा होस्टेलच्या नळाला चोवीस तास पाणी होतं. गच्चीवरच्या टाक्या भरून वाहायच्या आणि सकाळी त्यांचं पाणी भिंतीवरून खाली गळत राहायचं. पहिल्या वर्षी मला त्या आवाजाने जाग यायची. मी गच्चीवर जाऊन प्रत्येक टाकीचं झाकण उचलून पाहिलं आहे. काय बघतेस, असं वॉचमनने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, पाणी आहे का बघतेय. सगळ्या भरलेल्या. दीड वर्ष मी गायले नाही. लातूरची ती कोंदट, काळी, प्लास्टिकचा वास येणारी जागा मला इतकी आठवायची की मेसमध्ये कुणी रिकामा डबा आपटला तरी मान तिकडे जायची.

दुसऱ्या वर्षी गॅदरिंगसाठी आमच्या वर्गातल्या तीन जणांनी बँड काढला. त्यांना गाणारा मिळत नव्हता. मी त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हटलं, "मी करू?" ड्रमवाला म्हणाला, "तू? व्हायवा परीक्षेत तुझं उत्तर समोरच्या सरला ऐकू येत नाही." गिटारवाला म्हणाला, करू दे रे. मी ओढणी गळ्यातून काढून कमरेला बांधली. तेवढ्यावरच ते हसले. नंतर हसले नाहीत. ड्रमवाल्याने काड्या खाली ठेवल्या आणि विचारलं, "घसा दुखला नाही का?" मी म्हटलं, "नाही. पाणी मी काल प्यालेय."

त्याच्या पुढल्या महिन्यात गॅदरिंग झालं. बरं झालं असावं. मुलं उभी राहिली, मॅडम लोकांनी कानांवर हात ठेवले. स्टेजवरून मी आत्याच्या सवयीने सगळ्यांत लांबचं माणूस शोधलं. मेन गेटवर होस्टेलचा तोच वॉचमन उभा होता. त्याने मान वळवली. मला हे जिला सांगायचं होतं तिला फोनवर काही ऐकू येत नव्हतं. फोन तिच्या कानाशी धरून शेजारीण म्हणायची, "अक्का नुसती हाव हाव करून राहिली, तिला काय कळंना."

दिवाळीच्या सुट्टीत मी लातूरला न जाता आधी गावी गेले. अर्धापूरची केळी घेतली, लोह्यावरून मुखेडची एसटी धरली, पुढे जीप. नवा जिल्हा झाला नव्हता. फाट्यावर त्याचा फलक मात्र कुणीतरी लावला होता, तो एका बाजूने सुटून फडफडत होता. आत्या दारात शेंगा निवडत बसली होती. मी समोर उभी राहिले तेव्हा तिने वर पाहिलं.

"वाळलीस," ती मोठ्याने म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकू येईना झाल्यापासून ती मोठ्याने बोलायची. त्यात अजूनही वर वारा आणि खाली खडेच होते.

मी काहीतरी बोलले. तिने हाताने नाही अशी खूण केली. दोन्ही कान गेले होते.

मी तिला उठवलं आणि घरामागे नेलं. मागे दुसऱ्याचं शेत, त्यात बायका कापूस वेचत होत्या, लांब, पार बांधापर्यंत पांगलेल्या. मी ओढणी काढून कमरेला बांधली. आत्याने ते पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. ती जवळ आली. गाठ चाचपली, सोडली, पुन्हा स्वतः बांधली, मी बांधली होती त्याहून घट्ट. मग तळहात माझ्या पाठीवर ठेवला, टाकीवर ठेवायची तसा.

आधी मी उदगीरला राहिलेली ती ओळ म्हटली, तिच्या चालीवर. मग तीच ओळ माझ्या आवाजात, खालून खरडत वर नेली, जिथे तिची नुसती हवा झाली होती तिथपर्यंत, आणि तिथे सोडली नाही. पाठीवरचा हात दाबला गेला. टिचकी आली नाही. शेजारच्या घरातून एक बाई धावत बाहेर आली, "काय झालं गं अक्का, काय चावलं काय पोरीला?" आत्याला ते ऐकू गेलं नाही. बाईचे ओठ तिने पाहिले असावेत. ती म्हणाली, "गाऊन राहिली. माजी भाची हाय."

मी थांबले. आत्याने माझी हनुवटी वर करून गळा तपासला, एका बाजूने, मग दुसऱ्या. "शिरा न्हाईत," ती म्हणाली. मग तिने मला बाजूला सारलं आणि डोळ्यांवर हात धरून शेताकडे पाहिलं. जवळच्या बायका उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या. त्यांच्यामागच्याही बघत होत्या. आत्या त्यांना सोडून पुढे बघत होती, आणखी पुढे, बांधाच्या कडेला एक लाल लुगडं वाकलेलं होतं तिथे.

"ती न्हाई वळली," आत्या म्हणाली. "पुन्हा म्हण."